पळसाचा अर्क आणि उंदराचे मागचे पाय

मिरगीवरच्या औषधाची परीक्षा घेणारा माणूस फिट आलेल्या उंदराकडे बघतो तेव्हा त्याची नजर उंदराच्या मागच्या पायांवर खिळलेली असते. वीस-पंचवीस ग्रॅम वजनाचा पांढरा उंदीर, त्याच्या कानांना लावलेले दोन चिमटे, ५० मिलिअँपिअरचा विजेचा प्रवाह, आणि तोही फक्त ०.२ सेकंद. उंदीर आखडतो. पाय पोटाशी ओढले जातात, मग मागचे दोन्ही पाय शेपटीच्या दिशेने ताणले जाऊन तसेच ताठ राहतात. काही सेकंदांनी झटके सुरू होतात, त्यानंतर गुंगी, आणि थोड्या वेळाने बहुतेक उंदीर उठून मिशा साफ करायला लागतात. काही उठत नाहीत. आधी औषध दिलेल्या उंदराचे मागचे पाय ताणलेच गेले नाहीत, तर वहीत त्याच्यापुढे ‘संरक्षण मिळाले’ अशी नोंद होते. १९४०च्या दशकात बसवलेली ही पद्धत आजही पहिली चाळणी म्हणून जगभर वापरतात. औषधशास्त्राची पोरे तिला नुसते ‘एमईएस’ म्हणतात.

गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावातही ही तीन अक्षरे रोजच्या बोलण्यातली आहेत, कारण तिथे श्री लक्ष्मणराव मानकर यांच्या नावाचे फार्मसी महाविद्यालय आहे. मुंबई-हावडा रेल्वेमार्गावरचे हे तालुक्याचे गाव साहित्याच्या वाचकांना वेगळ्याच कारणाने ठाऊक असते. संस्कृत नाटककार भवभूतीचे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर, असे मत संशोधक वा. वि. मिराशींनी मांडले आणि गावातल्या महाविद्यालयालाही भवभूतीचेच नाव आहे. पूर्वेला सालेकसा, दरेकसाचे जंगल आणि पलीकडे छत्तीसगड. धानाच्या बांध्यांच्या कडेने पळस उभा. फाल्गुनात तो फुलला की धुऱ्याधुऱ्यांवर केशरी पेटते, आणि एरवी त्याच फांद्यांवर लाखेचे किडे पोसले जातात.

अशा मुलखातल्या फार्मसीच्या विद्यार्थ्याला प्रकल्पाचा विषय शोधायला लांब जावे लागत नाही. एक वनस्पती घ्यायची, तिचा अर्क काढायचा आणि तो उंदराची फिट रोखतो का ते बघायचे. एम.फार्म.च्या प्रबंधांत हा अगदी मळलेला रस्ता आहे. बी.फार्म.च्या मुलांना मात्र आता जिवंत उंदीर क्वचितच भेटतो. नव्या अभ्यासक्रमात प्राण्यांवरचे प्रयोग संगणकाच्या पडद्यावर दाखवतात. पडद्यावरच्या उंदराला माऊसने औषध टोचायचे. खऱ्या प्राण्यांवर प्रयोग करायचा तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी लागते, किती उंदीर आणि का, याचा हिशेब द्यावा लागतो. हे योग्यच आहे. उंदरांचे जीव घेऊन कामाचे काहीच हाती लागणार नसेल, तर तो प्रयोग करूच नये.

आता ‘कामाचे’ म्हणजे काय, हा या प्रकरणाचा खरा विषय.

गावाकडे कुणाला फिट आली की धावपळ सुरू होते. कुणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कुणी चप्पल हुंगवतो, कुणी हातात किल्ल्यांचा जुडगा कोंबतो. दोन मिनिटांत झटके थांबतात आणि कांदा जिंकतो. वस्तुस्थिती अशी की बहुतेक फिट मिनिटा-दोन मिनिटांत आपोआपच थांबतात. कांदा नसता तरी थांबल्या असत्या. (पाच मिनिटे उलटूनही झटके चालूच असतील तर मात्र कांदा सोडून गाडी बोलवायची.) वनस्पतीच्या अर्काची परीक्षाही याच पेचात सापडू शकते, म्हणून प्रयोगशाळेत उंदरांचे गट पाडतात. एका गटाला अर्क, एका गटाला फेनिटॉइन किंवा डायझेपामसारखे सिद्ध औषध, आणि एका गटाला अर्क ज्यात कालवला तो नुसता द्रव.

या तिसऱ्या गटाकडे नवखे विद्यार्थी दुर्लक्ष करतात. त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये पिएर एमार हा तरुण संशोधक खेलिन या द्रव्यापासून बनवलेली काही संयुगे तपासत होता. खेलिन मिळते ते इजिप्तकडच्या एका औषधी वनस्पतीच्या फळांतून. ही संयुगे पाण्यात विरघळेनात, म्हणून त्याने ती व्हॅल्प्रोइक ॲसिड नावाच्या द्रवात विरघळवली. १८८२मध्ये पहिल्यांदा तयार झालेला हा द्रव तोवर नुसता विद्रावक म्हणूनच माहीत होता. परीक्षेत सगळीच संयुगे फिट रोखताना दिसली. सगळीच? शंका आली, नुसता द्रव देऊन पाहिला, आणि गुण त्या द्रवाचाच निघाला. हेच आपले व्हॅल्प्रोएट. १९६७मध्ये ते फ्रान्समध्ये औषध म्हणून आले आणि आज गोंदियाच्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. वनस्पतीला श्रेय देऊन मोकळे झाले असते, तर जगातले एक फार मोठे औषध बाटलीतच पडून राहिले असते.

पळसाकडे येऊ. नाशिक आणि नागपूरच्या औषधशास्त्रज्ञांनी, म्हणजे कस्तुरे, चोपडे आणि देशमुख यांनी, २००० साली शिरीषाची पाने, जास्वंदीची फुले आणि पळसाची फुले यांवरचे संशोधन प्रसिद्ध केले. तिन्हींचे अर्क प्राण्यांमधली फिट रोखत होते. दोन वर्षांनी त्यांच्यापैकी कस्तुरे, चोपडे यांचा नुसत्या पळसफुलांवरचा शोधनिबंध आला. महाराष्ट्रातल्या या प्रकारच्या कामाचा तो एक चांगला नमुना आहे, म्हणून तो जरा जवळून बघू.

अर्क काढायची रीत अशी. फुले सावलीत वाळवतात, जाडसर भरड करतात. त्याआधी फुलाफांदीचा नमुना दाबून, वाळवून वनस्पतिशास्त्राच्या तज्ज्ञाकडून ओळख पटवून घ्यावी लागते, कारण बाजारातल्या पुडीत नेमके काय आहे याची हमी नसते. ही भरड सॉक्सलेट नावाच्या काचेच्या उपकरणात भरतात. खालच्या चंबूत द्रावक उकळतो, त्याची वाफ वर जाऊन थंड होते, थेंबथेंब भरडीवर पडते, पात्र भरले की एकदम चंबूत रिकामे होते आणि पुन्हा तेच चक्र. तासन्‌तास. शेवटी द्रावक उडवून लावला की तळाशी राहतो तो अर्क.

कुठला द्रावक घेतला यावर सगळे ठरते. पळसाच्या बाबतीत गुण आढळला तो पेट्रोलियम ईथरच्या अर्कात. हा द्रावक पाण्याच्या स्वभावाच्या उलट. तो मेण, तेल, चरबीसारखी द्रव्ये ओढतो. फुलांचा केशरी रंग त्यात फारसा उतरत नाही, तो पाण्यात उतरतो. संशोधकांनी या अर्काचे आणखी तुकडे पाडत नेले, प्रत्येक तुकडा उंदरांवर तपासला आणि अखेर गुण ट्रायटर्पीन वर्गातल्या एका द्रव्यात असल्याचे दाखवले. ट्रायटर्पीने पाण्यात सहसा विरघळत नाहीत. याचा अर्थ, धुळवडीसाठी आपण पळसफुले उकळतो किंवा उन्हाळ्यात पोरांना ज्या पाण्याने आंघोळ घालतो, त्या पाण्यात हे द्रव्य जवळजवळ नसणारच. ‘पळसाची फुले मिरगीवर चालतात’ असे वर्तमानपत्रात छापून येईल, कुणी काढा करून पाजेल, आणि ज्याची परीक्षा झाली ते चोथ्याबरोबर उकिरड्यावर जाईल.

इथे चरकाची आठवण होते. चरकसंहितेत अपस्माराचे चार प्रकार सांगितले आहेत, आणि त्याच्या चिकित्सेत पंचगव्य घृत, ब्राह्मी, वेखंड, शंखपुष्पी घालून सिद्ध केलेले तूप अशी तुपे पुन्हा पुन्हा येतात. तूपही स्निग्ध द्रव्ये ओढून घेणारे माध्यम आहे. प्राचीनांना ट्रायटर्पीने ठाऊक होती असा दावा यातून करायचा नाही. तसे दावे करणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. पण ज्यांना आयुर्वेदातली वनस्पती तपासायची आहे त्यांनी तिचा पाण्यातला किंवा अल्कोहोलातला अर्क तपासून ‘चरकाचे औषध खोटे ठरले’ किंवा ‘खरे ठरले’ म्हणू नये. चरकाने सांगितले ते तूप त्यांनी तपासलेलेच नसते.

पळसातल्या द्रव्याचे आकडे बघा. निम्म्या प्राण्यांना विजेच्या फिटपासून वाचवणारी मात्रा निघाली शरीराच्या दर किलोमागे ३४.२ मिलिग्रॅम. उंदराची मात्रा माणसाला लावताना शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने साधारण १२ने भागतात. तसे केले तर ६० किलोच्या माणसाला सुमारे १७० मिलिग्रॅम होतील. हा कागदावरचा हिशेब आहे, तरी आकडा आशा वाटावी असा आहे. बहुतेक अर्कांच्या बाबतीत तो तसा नसतो. प्रबंधांत हमखास दिसणारी मात्रा म्हणजे किलोला २०० किंवा ४०० मिलिग्रॅम. ४०० मिलिग्रॅमला हाच हिशेब लावला तर माणसाला एका वेळी दोन ग्रॅम आटीव अर्क घ्यावा लागेल, आणि तोही कदाचित आयुष्यभर.

आता त्याच शोधनिबंधातली दुसरी ओळ. सात दिवस द्रव्य देत राहिल्यावर हीच मात्रा ५१.५ झाली. म्हणजे आठवड्यात शरीर सरावले आणि दीडपट औषध लागू लागले? तसे वाटते खरे. पण पहिल्या आकड्यापुढे संशोधकांनी प्रामाणिकपणे ‘± १८.१’ लिहिले आहे. म्हणजे ती मात्रा १६ असू शकते आणि ५२सुद्धा. दुसऱ्या आकड्यापुढे ± १२.१ आहे. दोन्ही पट्टे एकमेकांवर चढतात, तेव्हा शरीर सरावले असे ठामपणे म्हणता येत नाही आणि सरावले नाही असेही म्हणता येत नाही. मिरगीच्या रुग्णाला गोळी वर्षानुवर्षे घ्यायची असते. त्याच्या दृष्टीने सगळ्या निबंधातला सर्वांत मोलाचा प्रश्न हाच होता, आणि तो थोडक्या उंदरांत सुटण्यासारखा नव्हता.

आणखी एक गोष्ट त्यांनी लपवली नाही. हे द्रव्य मेंदूला मंदावते. पेंगुळलेल्या किंवा स्नायू ढिले पडलेल्या उंदराचे पाय ताणले जात नाहीत, यात नवल काय? म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत फिरत्या दांड्याची परीक्षा जोडीला घेतात. सावकाश फिरणाऱ्या दांड्यावर उंदराला ठेवायचे. तो तोल सांभाळून टिकला आणि तरीही त्याची फिट रोखली गेली, तर त्या औषधात दम आहे. दांड्यावरून धपकन पडला, तर आपल्या हाती झोपेचे औषध लागले आहे.

विजेची परीक्षा ही एकटी पुरत नाही. दुसरी परीक्षा पेंटिलिनटेट्राझोल या रसायनाची. ते उंदराच्या कातडीखाली टोचायचे आणि अर्धा तास बघत बसायचे. फेनिटॉइन पहिल्या परीक्षेत पास होते, दुसरीत नापास. एथोसक्सिमाइडचे नेमके उलटे. मिरगी हा एकच आजार नसल्याची ही खूण आहे. गंमत म्हणजे लेव्हेटिरासिटॅम हे आज सर्रास लिहून दिले जाणारे औषध या दोन्ही परीक्षांत नापास झाले होते. वेगळ्या पद्धतीने, दिवसेंदिवस सौम्य उत्तेजन देऊन मिरगी ‘पेटवलेल्या’ प्राण्यांत त्याचा गुण दिसला. नुसत्या पहिल्या चाळणीवर भरवसा ठेवला असता तर तेही केरात गेले असते. पळसाचे द्रव्य वीज, पेंटिलिनटेट्राझोल आणि अशा पेटवलेल्या मिरगीतही चालले, पण स्ट्रिक्निन आणि पिक्रोटॉक्सिन यांनी आणलेल्या झटक्यांपुढे हरले.

ही स्ट्रिक्निन आणि पिक्रोटॉक्सिन आली कुठून? कुचल्याच्या बियांतून आणि काकमारीच्या फळांतून. प्रयोगशाळेत फिट आणण्यासाठी वापरली जाणारी बरीच विषे झाडांनीच दिलेली आहेत. आपल्या देवघरातला कापूरही त्यातलाच. १९३४मध्ये हंगेरीच्या मेडुना या डॉक्टरने मनोरुग्णांना मुद्दाम फिट आणण्यासाठी आधी कापूरच टोचला होता. लहान मुलाने कापराची वडी खाल्ली तर त्याला फिट येऊ शकते, हे घराघरांत माहीत असायला हवे. ‘झाडपाल्याचे आहे, अपाय होणार नाही’ हे वाक्य ऐकले की मला म्हणूनच कुचला आठवतो. वेखंडाचे बघा. बाळगुटीत उगाळले जाणारे, चरकापासून मिरगीत वापरलेले. त्यातल्या ॲसॅरोनमध्ये फिट रोखण्याचा गुण प्राण्यांत दिसतो, आणि त्याच ॲसॅरोनच्या एका प्रकाराने उंदरांत गाठी होतात म्हणून अमेरिकेने १९६८मध्ये वेखंड खाद्यपदार्थांत घालायला बंदी केली. भारतीय वेखंडात नेमका तोच प्रकार जास्त असतो.

मग वनस्पतीतून मिरगीचे औषध कधी निघालेच नाही का? निघाले, आणि त्याची सुरुवात आपल्याच देशात झाली. १८३९मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातल्या विल्यम ओशॉनेसी यांनी गांजाचा अर्क मासे, कुत्रे, गिधाडे अशा प्राण्यांना देऊन पाहिला, मग माणसांना. झटक्यांनी बेजार झालेल्या चाळीस दिवसांच्या एका मुलीवर त्यांनी तो वापरला आणि ती बरी झाल्याचे नोंदवले. एका बाळाने काही सिद्ध होत नाही. गांजातले नशा न आणणारे कॅनाबिडिओल वेगळे काढणे, त्याची शुद्ध मात्रा ठरवणे आणि खरी परीक्षा घेणे यात पुढचा काळ गेला. २०१७मध्ये ड्रॅव्हे सिंड्रोम या लहानपणीच्या हट्टी मिरगीच्या १२० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. कॅनाबिडिओल घेणाऱ्यांच्या महिन्याच्या फिट १२.४वरून ५.९वर आल्या; नुसता दिखाऊ द्रव घेणाऱ्यांच्या १४.९वरून १४.१वर. २०१८मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ओशॉनेसींपासून १७९ वर्षे. आणि इतके होऊनही हे औषध सर्व मिरगीवर चालत नाही, व्हॅल्प्रोएटबरोबर दिले तर यकृताकडे लक्ष ठेवावे लागते.

माझ्या मते महाराष्ट्रातले या विषयावरचे सर्वांत उपयोगी काम मात्र नवे औषध शोधणारे नव्हतेच. मुंबईच्या केईएम रुग्णालयात फेनिटॉइन घेणाऱ्या दोन रुग्णांच्या आटोक्यात असलेल्या फिट पुन्हा सुरू झाल्या. रक्तातली फेनिटॉइनची पातळी उतरली होती. गोळ्या तर चालू होत्या. दोघेही जोडीने शंखपुष्पीचे आयुर्वेदिक औषध घेत होते. डॉक्टरांनी ‘घेऊ नका’ म्हणून विषय मिटवला नाही, तो प्रयोगशाळेत नेला. दांडेकर, क्षीरसागर आणि सहकाऱ्यांनी १९९२मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा की, पाच दिवस दोन्ही एकत्र दिल्यावर उंदरांच्या रक्तात फेनिटॉइन कमी पडते आणि त्याचा गुणही घटतो. तेच शंखपुष्पीचे औषध एकटे दिले तर फिट रोखण्याचा थोडा गुण दाखवत होते! दोन चांगली औषधे एकत्र आली आणि रुग्ण उघडा पडला. फेनिटॉइनचे गणित नाजूक असते, रक्तात दर मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम एवढीच त्याची जागा. कमी झाले की फिट, जास्त झाले की झोकांड्या. मिऱ्यातले पायपरीन उलट दिशेने जाते, ते फेनिटॉइनची पातळी वाढवते.

आपल्याकडे हे घडण्याची शक्यता जास्त, कारण मिरगी लपवली जाते. हिंदू विवाह कायद्यात मिरगी हे विवाह रद्द ठरवायला एक कारण होते, ते १९९९मध्ये काढले गेले, पण सोयरीक जुळवणाऱ्यांच्या डोक्यातून निघालेले नाही. मुलीला फिट येते हे शेजाऱ्यांना कळू नये म्हणून डॉक्टरांची गोळी गुपचूप चालते आणि तिकडे वैदूचा पालाही गुपचूप चालतो. एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो. त्यात ‘शुद्ध आयुर्वेदिक’ म्हणून विकलेल्या पुड्यांत चक्क फिनोबार्बिटोन मिसळलेले सापडल्याची प्रकरणे देशात घडली आहेत. त्या पुडीने गुण येतो तो येणारच. फक्त मात्रा किती ते कुणालाच ठाऊक नसते.

म्हणून आमगाव काय, नाशिक काय किंवा नागपूर काय, इथल्या औषधशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी दरवर्षी नवे झाड धरून पहिल्या चाळणीत पास करून दाखवण्यात आता फारसा अर्थ नाही. मागचे पाय न ताणू देणाऱ्या वनस्पतींची यादी भरपूर लांब झाली आहे. पळसाच्या निबंधाचा शेवट ‘अधिक अभ्यास हवा’ असा होता. तो अभ्यास म्हणजे तेच द्रव्य जास्त प्राण्यांत, जास्त दिवस देऊन बघणे, ते फेनिटॉइन आणि व्हॅल्प्रोएटबरोबर दिल्यास काय होते ते तपासणे. यात नव्या झाडाचे नाव मिळत नाही, म्हणून कुणी त्या वाटेला जात नाही. झाडीपट्टीत घरोघर कोणकोणते पाले मिरगीला देतात आणि त्यांतले कोणते सरकारी दवाखान्यातल्या गोळीशी भांडतात, एवढे जरी आमगावच्या आसपास कुणी नीट तपासले, तरी ते रुग्णाच्या उद्याच्या कामाला येईल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना मिरगी आहे, आणि योग्य निदान व उपचार मिळाले तर त्यातले ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात, तेही जुन्या, स्वस्त गोळ्यांवर. तुमच्या घरात कुणाला या गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका, एकदम बंद केल्या तर फिट पुन्हा जोराने येऊ शकतात. जोडीने काढा, चूर्ण, सिरप काहीही चालू असेल तर पुढच्या वेळी त्याची बाटली पिशवीत टाकून न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.